मादीचा दोष

सकाळी सहाला पारा नदीच्या पायऱ्या उतरला, शेवटच्या कोरड्या पायरीवर उकिडवा बसला, दोरीला बांधलेला तापमापक पाण्यात सोडला आणि मनातल्या मनात दोनशेपर्यंत आकडे मोजू लागला. दोनशेच्या आत काढला तर माप खोटं येतं, हे त्याला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्याला सोळा वर्षं झाली. या सोळा वर्षांत तो एकदाही एकशेनव्वदवर थांबला नव्हता.

पारा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मत्स्यबीज केंद्रात प्रत्येकाला काही ना काही चिकटलेलंच होतं. याच्या हातात सदानकदा तापमापक, म्हणून हा पारा. स्वभावाने मात्र थंड. कधी आवाज चढला नाही, कधी कुणाशी वाजलं नाही. "आमचा पारा काही केल्या वर जात नाही," असं जाळी सांभाळणारे काका म्हणायचे आणि सगळे हसायचे. तोही हसायचा.

तापमापक साडेअठरा दाखवत होता. विणीच्या दिवसांत चोवीस-पंचवीस हवं. काठावरच्या पट्टीवर पाणी काल दुपारच्या मानाने दोन फूट उतरलेलं. त्याने दोन्ही आकडे वहीत लिहिले, खाली सही केली.

मासा काही तारीख बघून अंडी घालत नाही. पाणी हळूहळू कोमट होत जातं, नदी रोज थोडी थोडी फुगते, प्रवाहाला जोर येतो, तेव्हा माद्या वर चढतात आणि वाहत्या पाण्यात अंडी सोडतात. अंडी वाहती राहिली तर जगतात. प्रवाह मंदावला की तळाशी बसतात आणि गाळात गुदमरतात. वरच्या अंगाला धरण झालं आणि हे सगळं बिघडलं. धरणाचं पाणी यायचं तळाच्या दरवाजातून, जिथे ऊन म्हणून कधी पोचत नाही. दरवाजा विजेसाठी दुपारी उघडायचा, संध्याकाळी बंद व्हायचा. दुपारी नदी चढली की माद्यांना वाटे, आली वेळ. अंधार पडायच्या आत पाणी ओसरलेलं असे. काठच्या गवतात कुणी अंडी सोडलीच, तर दुसऱ्या दिवशी ती उन्हात वाळून जात. बाकीच्या माद्या सोडतच नसत. पोटात धरून ठेवायच्या, आणि ती पोटातच विरून जायची.

हे सगळं पाराला पाठ होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं.

घरी आला तेव्हा आईने चहा गाळून ठेवला होता.

"रविवारी येतायत ते," ती म्हणाली.

"कोण?"

"कोण म्हणजे काय? तुझे सासरे. धाकटीला घेऊन येतायत. जरा दाढी-बिढी कर. कामावरून आल्यासारखा बसू नकोस त्यांच्यासमोर."

"आई, तिला जाऊन आठच महिने झालेत."

"मग आठ वर्षं थांबू? माझे डोळे मिटल्यावर पाळणा हलवणारेस का?"

"ती एकवीस वर्षांची आहे. मी चाळिशीला टेकलो."

"तेच तर म्हणते मी. कोवळं वय आहे. हिच्यासारखं नाही व्हायचं."

हिच्यासारखं. बायको गेल्यावर महिन्याच्या आत आईने तिचे कपडे वाटून टाकले होते. भांड्यांच्या फळीवर तिने लावलेला क्रम बदलून टाकला होता. तिची चप्पल तेवढी कपाटाखाली राहिली होती, कारण आईला खाली वाकवत नव्हतं. पाराने चहा अर्धा ठेवला आणि कामावर गेला.

त्या दिवशी केंद्रात धरणाच्या कार्यालयातले साहेब यायचे होते. नदीतून धरून आणलेल्या चौदा माद्या केंद्राच्या मोठ्या टाकीत होत्या. टाकीत पाणी नदीचंच. सलग तिसऱ्या हंगामात एकीनेही अंडी सोडली नव्हती. वरून पत्र आलं होतं की केंद्रातल्या माद्या निकृष्ट प्रतीच्या दिसतात, त्या काढून बाजारात द्याव्यात आणि दुसरीकडून नव्या आणाव्यात.

साहेब टाकीच्या कडेला उभे राहिले. बूट ओले होऊ नयेत म्हणून दोन पावलं मागेच.

"या सगळ्या वांझ?" त्यांनी विचारलं.

"वांझ नाहीत," केंद्राच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. "पोटं बघा. अंड्यांनी भरलीयत."

"मग सोडत का नाहीत?"

"तुम्ही पाणी कसलं देताय त्यांना? पारा, वही आणा हो."

पाराने वही आणली. मॅडमनी एकेक पान उलटून दाखवलं. अठरा, साडेअठरा, एकोणीस. सकाळी पाणी उतरलेलं, दुपारी चढलेलं, परत उतरलेलं.

"हे आकडे तुमच्या दरवाजाचे आहेत, साहेब. माझ्या माद्यांचे नाहीत. पाणी वरच्या थरातून सोडा, आणि विणीचे वीस दिवस तरी एकसारखं सोडा. मग बोलू."

"विजेचं वेळापत्रक मी ठरवत नाही, मॅडम. नवीन माद्या आणून बघायला काय हरकत आहे?"

"त्याही याच पाण्यात ठेवायच्या ना? आमच्या कामाची एक रीत आहे. वीण फसली की आधी पाणी बघायचं. मग नर बघायचा. नराचं पाणी काचेवर घेऊन, मायक्रोस्कोपखाली. सगळं ठीक निघालं तर सगळ्यात शेवटी मादीकडे बोट दाखवायचं. तुम्ही शेवटापासून सुरुवात करताय."

"माणसांत बरं आहे," काका मागून म्हणाले. "तिथे शेवटापासूनच सुरुवात असते आणि तिथेच संपतं."

सगळे हसले. साहेबसुद्धा हसले. पारा हसला नाही. त्याच्या हातात वही तशीच उघडी होती, आणि मॅडमनी दोनदा "द्या इकडे" म्हटलं तरी त्याला ऐकू गेलं नाही.

चार वर्षांपूर्वी बायको एकटीच दवाखान्यात जाऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिच्या सगळ्या तपासण्या केल्या आणि एक चिठ्ठी नवऱ्यासाठी दिली. बायकोने ती त्याच्या शर्टाच्या खिशात घातली.

"एकदाच जाऊन या हो. दहा मिनिटांचं काम आहे म्हणाल्या."

"मला काय धाड भरलीय?"

"भरलीय असं कोण म्हणतंय? त्या दोघांचंही बघतात."

"ज्याचं बघायचं त्याचं बघितलं ना त्यांनी? मग झालं."

चिठ्ठी शर्टाबरोबर धुतली गेली. तिने परत आणली नाही, आणि त्याने विचारलं नाही.

खरं कारण त्याने तिला कधी सांगितलं नाही. त्याआधी एकच वर्ष केंद्राच्या गाडीचा चालक अशा तपासणीला जाऊन आला होता. कुणाला तरी कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या काचेला टाकीतल्या माशाला लावतात तसला बिल्ला लटकलेला होता. नर क्रमांक सात. पुढे तो बदली घेऊन जाईपर्यंत त्याला सगळे सातच म्हणायचे. बिल्ला लावला काकांनी, पण सगळ्यात मोठ्याने हसला होता पारा. इथे रोज नरांची पोटं दाबून पांढरं पाणी काढायचं, काचेवर घ्यायचं, कोणता कामाचा आणि कोणता नाही ते बोलायचं. अशा ठिकाणी आपलं नाव निघालं तर तोंड लपवायला जागा उरणार नाही, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं होतं.

बायकोने ऐकून घेतलं. सासूचं, नणंदेचं, शेजारणीचं, ज्याच्या तोंडाला येईल त्याचं. बारशाला बोलावलं तर मागे बसली, नाही बोलावलं तर घरी बसली. गेल्या वर्षी आईने एक औषधवाली शोधून काढली. ती गर्भाशयात औषध ठेवते, तीन बायकांना गुण आला, असं कुणीतरी सांगितलं होतं. त्या तीन बायका कोण, ते कुणालाच माहीत नव्हतं.

औषध ठेवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं अंग तापलं. आई म्हणाली, औषध लागू पडतंय, उष्णता व्हायचीच. पुढच्या दिवशी तिने अंथरूण सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पारा निघाला तेव्हा ती म्हणाली, "अहो, तुमच्याकडचा तो तापमापक आणा ना येताना. बघू तरी किती आहे."

"तो पाण्याचा असतो," तो म्हणाला.

पायऱ्या उतरला. दोनशेपर्यंत मोजलं. साडेवीस. लिहून सही केली. दुपारी निरोप आला तेव्हा तिला दवाखान्यात नेलं होतं, आणि तो तिथे पोचला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दारातच त्याला विचारलं, "तीन दिवस काय करत होतात तुम्ही? ताप किती होता, कुणी बघितलासुद्धा नाही?"

जंतुसंसर्ग सगळ्या अंगात पसरला होता. दोन दिवसांनी ती गेली. औषधवाली अजून त्याच गल्लीत राहते, आणि तिच्या ओट्यावर अजून बायका रांगेत बसतात. एकीच्याही शेजारी नवरा बसलेला नसतो.

साहेब आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाराने अर्धी रजा टाकली आणि शहरातल्या दवाखान्यात गेला. खिडकीतल्या मुलीने छोटी बाटली दिली, वर चिकटपट्टीवर त्याचं नाव लिहिलं, वय विचारलं, मग विचारलं, "लग्नाला किती वर्षं झाली?"

"नऊ झाली होती," तो म्हणाला. तिने नऊ लिहिलं.

अर्ध्या तासाने तो प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभा राहिला. आत एक तरुण माणूस मायक्रोस्कोपला डोळा लावून बसला होता.

"संध्याकाळी कागद मिळेल. इथे थांबता येत नाही."

"एकदा बघू का मी?"

"तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"हेच काम करतो मी. माशांचं."

त्या माणसाला गंमत वाटली असावी. तो उठला. पाराने डोळा लावला, सवयीने चाक फिरवून चित्र स्पष्ट केलं. माशाच्या नराचं पाणी त्याने हजारदा बघितलं होतं. थेंबाला साधं पाणी लागलं की सगळी काच सळसळून उठते, जिवंत होते, मिनिटभर नुसती धावपळ. इथे नुसता उजेड होता. त्याने काच सरकवून दुसरा कोपरा बघितला. मग तिसरा. कुठेच काही नव्हतं.

"दुसरा थेंब घेऊन बघितलात?" त्याने विचारलं.

"तीन घेतले," तो माणूस हळू आवाजात म्हणाला. "अजून एकदा पंधरा दिवसांनी करतात. पण... लहानपणी गालफुगी वगैरे झाली होती का? त्यानेही होतं असं."

झाली होती. चौदाव्या वर्षी. चांगले तीन आठवडे शाळा बुडाली होती.

रविवारी सासरे आले. नवा सदरा, हातात फळांची पिशवी. मागे धाकटी, खाली बघत. आईने चांगल्या कपांत चहा आणला. हवापाण्याच्या गोष्टी झाल्या. मग सासऱ्यांनी घसा खाकरला.

"जावईबापू, झालं ते झालं. मोठी नशीब घेऊन आली नव्हती. आपलं नातं तुटू नये एवढीच आमची इच्छा. धाकटी अंगाने चांगली आहे. तसलं काही नाही हिच्यात."

"तसलं म्हणजे?" पाराने विचारलं.

"म्हणजे... तुम्हाला माहीतच आहे."

"मला परवा माहीत झालं." त्याने खिशातून कागद काढला आणि कपांच्या मध्ये ठेवला. "मूल न होण्याचा दोष माझ्यात आहे. पहिल्यापासून माझ्यात होता. तुमच्या मुलीत नव्हता."

आई झटकन पुढे झाली आणि कागदावर हात ठेवला. "कसला कागद आणतोस? चार माणसांत शोभतं का हे? कुणी सांगितलं होतं तुला जायला?"

"तिने सांगितलं होतं. चार वर्षांपूर्वी."

सासरे कागदावरच्या हाताकडे बघत होते. रडतील असं पाराला वाटलं. ते रडले असते तर त्याला बरं वाटलं असतं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"हे बाहेर कुणाला ठाऊक नाही ना?"

"नाही."

"मग राहू द्या घरातल्या घरात. नोकरी पक्की आहे तुमची, व्यसन नाही, मारहाण नाही. आजकाल एवढं कुठे मिळतं? मुलाचं काय, पुढे बघू. धाकटीला समजावू आम्ही."

"काय समजावाल? लोकांनी विचारलं की मान खाली घाल, असं?"

"बायकांना सहन करायची सवय असते हो."

तेव्हा धाकटी बोलली. तोपर्यंत तिचा आवाज कुणी ऐकलाच नव्हता.

"भाऊजी, ताईला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तिचे सगळे कागद चांगले आले होते. मला दाखवले होते तिने. मी म्हटलं, मग तोंडावर फेक ना सगळ्यांच्या. तर म्हणाली, यांची मान खाली जाईल गं, कामावरची माणसं जगू द्यायची नाहीत. परत लपवून ठेवले." तिने ताईच्या सासूकडे बोट केलं. "औषधवालीकडे ती बरी व्हायला नाही गेली. हिचं बोलणं एक महिना तरी थांबेल, म्हणून गेली."

"बघा! बघा कशी जीभ चालते!" आई म्हणाली. "बरं झालं आधीच कळलं. असली नकोच मला घरात."

"आईला नको म्हणून नाही," पारा म्हणाला. "मी नाही म्हणतोय. आणि धाकटी जे बोलली, त्यात तिचंही नाहीच आहे. तुम्ही फळं परत न्या, मामा."

सासऱ्यांनी फळं तिथेच ठेवली. जाताना धाकटीने मागे वळून बघितलं नाही. पाराची तशी अपेक्षाही नव्हती.

सोमवारी त्याने केंद्रात जेवणाच्या सुट्टीत, सगळे डबे उघडून बसले असताना, उभं राहून सांगितलं. "मी तपासून घेतलं. माझ्यात दोष आहे. बायकोत नव्हता. बिल्ला लावायचा असेल तर लावा, आठ नंबर रिकामा आहे." कुणी हसलं नाही. काकांनी डबा बंद केला आणि उठून जाळी धुवायला गेले. जाळी सकाळीच धुतलेली होती.

त्याच आठवड्यात वरून आदेश आला. मॅडमची तीन पत्रं आणि पाराच्या वहीच्या नकला कुठल्या कपाटात गेल्या कोण जाणे. चौदा माद्या टेम्पोत चढल्या. उचलून द्यायला पारा होता. एकेकीचं पोट हाताला घट्ट लागत होतं. नव्या माद्या महिन्याभरात आल्या, त्याच टाकीत, त्याच पाण्यात. सकाळी एकोणीस. पारा आकडा लिहायचा आणि शेजारी आता आणखी एक ओळ लिहायचा, ती कुणी त्याला लिहायला सांगितली नव्हती: माद्यांमध्ये दोष आढळला नाही.

आईने हार मानली नाही. आसपास बोभाटा झाला म्हणून ती लांबची स्थळं शोधू लागली. त्याला न सांगता निरोप जायचे. पाराला कळलं की तो कागद घेऊन आधी तिथे पोचायचा, दारात चपला काढायचा आणि सगळं सांगून यायचा. पहिल्या घरी त्याला वेड्यात काढलं. दुसऱ्या घरी मुलीच्या बापाने खाली बसवून समजावलं की असं कुणी सांगत नसतं, तुम्ही पहिलेच बघितले. तिसऱ्या घरी तर चहा होऊन गेला तरी त्याचं म्हणणं कुणाच्या लक्षातच येईना. कुटुंबप्रमुख पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पण दोष बाईचाच असतो ना?"

तो उठला. फाटकापर्यंत पोचला असेल नसेल, तेवढ्यात मागून कुणीतरी आलं. त्या घरची थोरली सून. पिठाचे हात तसेच.

"दादा, तो दवाखाना कुठे आहे?"

त्याने पत्ता सांगितला.

"तिथे माणसाला नेता येतं का? म्हणजे... ते येतील का माझ्याबरोबर? सात वर्षं झालीत. पुढच्या आठवड्यात मला एका बाईकडे नेणारेत. औषध ठेवते म्हणे ती." तिने घराकडे एकदा बघून घेतलं. "तुमच्या बायकोने तुम्हाला कसं सांगितलं होतं? कसं सांगितलं की ऐकतात?"

पाराने खिशातला कागद चाचपला. जिने सांगायचं तसं सांगितलं होतं, तिचं त्याने ऐकलं नव्हतं.

"तुझा नवरा घरात आहे आत्ता?" त्याने विचारलं.

"आहेत. मागच्या खोलीत."

"तू नको सांगू. तू पुढे चल."

तो फाटकातून परत वळला, दारात आला आणि त्याने पुन्हा चपला काढल्या.